टाचणीबाईंचे शुक्रवार

आमचे हे वकील. त्यांच्या ऑफिसात हिशेब लिहायला एक बाई होत्या, त्यांना सगळे टाचणीबाई म्हणायचे. हे नाव ह्यांनीच ठेवलं होतं, आणि तेही कौतुकानं, त्यामुळे पहिल्या दिवसापासून ते माझ्या कानाला खटकलं. माणूस ज्याला नाव ठेवतो त्याच्याकडे त्यानं नीट निरखून पाहिलेलं असतं. मला ह्यांनी लग्नाला इतकी वर्षं झाली तरी कसलं नाव ठेवलेलं नाही. 'अगं' म्हणतात, नाहीतर 'ऐकलंस का'.

या बाईंबद्दल मी माझ्या रोजच्या वहीत चौदा वर्षं लिहीत आले आहे, पण ते सगळं वाकड्या नजरेनं. आज एकदा सरळ लिहून पाहते. कितपत जमतं ते देव जाणे.

दिसायला त्या बऱ्या असत्या तर माझं काम सोपं झालं असतं. उंच, काटकुळ्या, पायात सपाट चपला, चष्म्याला काळी दोरी. अंगात बारा महिने राखाडी स्वेटर आणि त्याच्या डाव्या खांद्याखाली टाचण्यांची ओळ, सैनिकाच्या छातीवर बिल्ले असावेत तशी. आमच्या वन्सं, म्हणजे ह्यांची थोरली बहीण, त्या आमच्याकडेच राहतात. माझी धुसफूस ऐकून ऐकून त्या एकदा मुद्दाम ऑफिसात डोकावून आल्या.

"अगं, ही?" घरी परतताच त्या दारातूनच म्हणाल्या. "हिच्यावर जळतेस तू? ही तर मिटून ठेवलेली छत्री आहे."

"वन्सं, तिच्या दिसण्याचं मला काही नाही."

"मग कशाचं आहे?"

ते मला त्या दिवशी सांगता आलं नाही. आता सांगते. जेवताना रोज तिचं नाव निघायचं. टाचणीबाईंनी आज बँकेची चूक पकडली. टाचणीबाईंना विचारल्याशिवाय सांगता येणार नाही. टाचणीबाई नसत्या तर आज माझी अब्रू गेली असती. मला ह्यांनी आयुष्यात विचारलं ते एवढंच, की माझे मोजे कुठे आहेत. ह्यांना रक्तदाबाची गोळी सुरू झाली, ती अकरा वाजता घ्यायची असायची. ती वेळेवर घेतली जाते कशी, याचं मी दोन वर्षं नवल करत होते आणि देवाचे आभार मानत होते. मग कळलं, की अकराला पाण्याचा पेला आणि बशीत गोळी टेबलावर ठेवणारं कोण आहे. देवाचे मानलेले आभार परत घेता येत नाहीत, म्हणून गप्प बसले.

डब्याच्या निमित्तानं मी ऑफिसात जायचे. आधी शिपाई येऊन डबा न्यायचा, ते मी बंद केलं. जिना चढून गेलं की समोर बाकावर बसलेले अशील, उजवीकडे ह्यांची खोली, आणि डावीकडे खिडकीशी लाकडी फळी टाकून केलेला तिचा कोपरा. तिथे पाच मिनिटं बसून मी तिच्याकडून थोडं थोडं काढून घेतलं. वडील पोस्टात होते. ते गेले तेव्हा ही अठराची. दोन धाकट्या भावांना शिकवलं, ते शिकून लांब गेले, आई अंथरुणाला खिळली ती हिच्याच वाट्याला राहिली. संध्याकाळच्या वर्गांना जाऊन हिशेब शिकली. पहिली नोकरी लाकडाच्या वखारीत. तिथल्या मालकानं तिच्यापुढे दोन वह्या ठेवल्या, एक खरी आणि एक सरकारला दाखवायची. तिनं दुसरी वही एक दिवस लिहिली, घरी जाऊन तापानं फणफणली, आणि ताप उतरल्यावर राजीनामा टाकून आली.

"मग पुढे?" मी विचारलं.

"पुढे तीन महिने उकडलेले बटाटे," ती म्हणाली. "आईला आवडतात म्हणून बरं."

हे तिनं असं सांगितलं, जसं मी कुणाला भाजीचा भाव सांगेन. मला राग आला. मी रोज इतका वेळ प्रार्थनेला बसते, आणि हिला ताप चढल्यावर बरोबर कळतं काय करायचं.

तिच्या टेबलावर स्टेपलर नव्हता. मी एकदा म्हटलं, "अहो, आता कोण टाचण्या लावतं?" तर म्हणाली, "वहिनी, स्टेपलर म्हणजे जबरदस्ती. कागद सोडवायला जावं तर फाटतो. टाचणी म्हणजे विनंती." घरी येऊन मी हे वन्संना चेष्टेनं सांगितलं. वन्सं हसल्या नाहीत. "बरोबर बोलली की," म्हणाल्या. म्हणजे घरचं माणूसही तिकडे.

आता शुक्रवारचं सांगते, कारण पुढचं सगळं शुक्रवारमुळे झालं.

वकिलाकडे लोकांचे पैसे येतात. कुणी घर विकतं, कुणी दुकान विकतं, कागद पुरे होईपर्यंत मधली रक्कम वकिलापाशी ठेवतात. ते पैसे वकिलाचे नव्हेत. त्यांचं बँकेत वेगळं खातं असतं आणि त्यातला एक पैसाही वकिलानं स्वतःच्या कामाला लावायचा नाही, अगदी संध्याकाळी परत टाकायच्या बोलीवरही नाही. हे मला टाचणीबाईंनीच समजावलं. दर शुक्रवारी बँक बंद झाली, की ती त्या खात्याचा ताळा करायची. बँकेचं पुस्तक, रोजचं रजिस्टर आणि प्रत्येक अशिलाच्या पानावरची शिल्लक, हे तीन आकडे एक झाले पाहिजेत. झाले की हे पानाखाली सही करणार, ती पानाला टाचणी लावणार, आणि मग दोघं दिवे मालवून बाहेर पडणार. सहाला बसायचे, उठेपर्यंत आठ. हे घरी येत तेव्हा माझं जेवण दोनदा गरम करून झालेलं असायचं.

एका शुक्रवारी मी सरळ जाऊन उभी राहिले. ती आकडे वाचत होती, हे पेन्सिलीनं खुणा करत होते. तिचा आकडा संपायच्या आत ह्यांची खूण व्हायची, ह्यांची खूण होताच तिचा पुढचा आकडा. दोघं एकमेकांकडे बघतही नव्हते. बघितलं असतं तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. आमच्या संसारात आम्ही दोघांनी मिळून एक काम असं सुरात केल्याचं मला आठवत नाही. गादीची खोळ घालायची म्हटली तरी आमची दोन टोकं दोन दिशांना.

त्या दिवसापासून माझ्या प्रार्थनेत एक मागणं वाढलं. बाकी काही नको, देवा, ह्यांचे शुक्रवार तेवढे मला दे. ह्यांनाही मी सोडलं नाही. "शुक्रवारी लवकर या," बारा वर्षं दर आठवड्याला म्हटलं. रडून झालं, रुसून झालं.

आणि तेराव्या वर्षी एका शुक्रवारी साडेपाचला दार वाजलं. मला वाटलं दूधवाला. दारात हे.

"चल, तयार हो. बाहेर जेवू."

"आणि ताळा?"

"राहू दे गं ताळा. बाई बघतील."

बाई बघतील. या दोन शब्दांसाठी मी किती दिवस देवापुढे बसले होते. त्या दिवसापासून चौदा महिने एक शुक्रवार चुकला नाही. कधी बाहेर जेवायचं, कधी सिनेमा, कधी नुसतं नदीकाठच्या रस्त्यानं पुलापर्यंत जाऊन यायचं. ह्यांचा चेहरा त्या वर्षी ओढलेला दिसायचा, रात्री कूस बदलत राहायचे, पण मी विचारलं नाही. मिळालेलं हातातून निसटेल अशी भीती असली की माणूस फार विचारत नाही. वहीत मात्र मी प्रत्येक शुक्रवार वेळेसकट लिहिला. अगदी मिनिटासकट.

मग एक दिवस वकिलांच्या परिषदेचं जाड पाकीट आलं.

तक्रार बेकरीवाल्या काकांची होती. हे काका म्हणजे आमच्या जुन्या रस्त्यावरचे. हात थरथरायला लागले म्हणून त्यांनी बेकरी विकली. विकत घेणाऱ्यानं दिलेली रक्कम ह्यांच्याकडे होती, पंधरा दिवसांत काकांना द्यायची. सात महिने झाले तरी हे त्यांना पुढच्या सोमवारचा वायदा करत होते. पैसे खात्यात नव्हतेच. दोन वर्षं कामं कमी झाली होती, ऑफिसचं भाडं चढलं होतं, आमचा थाट मात्र उतरला नव्हता. ह्यांनी एकाचे पैसे काढले, ते भरायला दुसऱ्याचे काढले, दुसऱ्याचे द्यायची वेळ आली तेव्हा काकांचे. शुक्रवारचा ताळा झाला असता तर हे पहिल्याच आठवड्यात कागदावर आलं असतं. म्हणून ताळा बंद, आणि म्हणून हे साडेपाचला घरी. माझ्या प्रार्थनेचा यात काही संबंध नव्हता. हे कळायला मला त्यानंतरही बरेच दिवस लागले.

एका रविवारी दुपारी मी चहा घेऊन गेले, तर हे जेवणाच्या टेबलावर ऑफिसचं रजिस्टर उघडून बसले होते. पुढ्यात तीन पेनं. एका पानावर सही, मग पेन बदलून पुढच्या पानावर सही.

"काय करताय?"

"मागचं राहिलेलं पुरं करतोय."

पायाशी कचऱ्याच्या टोपलीत चिठ्ठ्यांचा ढीग होता. हे उठून हात धुवायला गेले तेव्हा मी एक उचलली. तिच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेलं: 'साहेब, ताळा राहिला आहे. आकडे जुळत नाहीत. आपण बसलं पाहिजे.' खाली शुक्रवारची तारीख. दुसरी उचलली, तीही तशीच, पुढच्या शुक्रवारची. दर आठवड्याला तिनं त्या पानाला टाचणीनं चिठ्ठी लावली होती आणि ह्यांनी त्या सगळ्या आज काढून टाकल्या होत्या.

लाज वाटते, पण खरं लिहायला बसले आहे तर लिहिते. माझ्या मनात पहिल्यांदा पैसे आले नाहीत, काकाही आले नाहीत. मनात आलं, इतक्या चिठ्ठ्या? मी ह्यांना जन्मात एक चिठ्ठी लिहिलेली नाही.

परिषदेला ह्यांनी उत्तर धाडलं ते असं: मी दर शुक्रवारी ताळा तपासून सही करत होतो. माझ्या सहीनंतर हिशेबनीस बाईंनी आकडे बदलले असावेत. पैसे कुठे गेले ते त्यांना विचारावं.

टाचणीबाईंचं ऑफिसात येणं त्याच आठवड्यात बंद करण्यात आलं. ही गोष्ट समितीनं खरी मानली असती तर प्रकरण तिच्यासाठी पोलिसांत गेलं असतं. पोलिसांत गेलं नसतं तरी जिच्या नावाला असा डाग लागला तिच्या हाती कुणी पुन्हा हिशेबाची वही दिली नसती, आणि घरात आई. हे मला कळत होतं. कळत नव्हतं असं म्हणून मी सुटून जाऊ शकत नाही.

शिस्तपालन समितीपुढे सुनावणीची तारीख लागली. आठवडाभर आधी हे माझ्याजवळ येऊन बसले. इतक्या जवळ ते कित्येक दिवसांत बसले नव्हते.

"तुला एक छोटंसं काम आहे."

"काय?"

"तुला बोलावतील. एवढंच सांगायचं, की गेल्या वर्षी मी शुक्रवारी उशिरा यायचो. आठला. नेहमीसारखा."

"पण तुम्ही तर साडेपाचला..."

"मला माहीत आहे गं मी कधी यायचो. तुझी तक्रार साऱ्या नातेवाइकांना पाठ आहे. तू म्हणालीस तर कुणाला शंका येणार नाही."

"आणि त्या बाई?"

"त्यांचं काय? तुला त्या कधी आवडल्या?"

नाहीच आवडल्या. दोन दिवस मी मनाशी पक्कं केलं होतं, की हे म्हणतात तसं सांगून टाकायचं. खोटी साक्ष देऊ नये हे मला लहानपणापासून शिकवलेलं आहे, पण देवापुढे बसले की डोळ्यांसमोर तो खिडकीजवळचा कोपरा यायचा, रिकामा, आणि मला बरं वाटायचं. नवऱ्याची सनद वाचवते आहे, हे धर्माचंच काम नाही का, असं मी देवालाच समजावत होते. वन्संना सांगितलं तर त्या लसूण सोलता सोलता म्हणाल्या, "तुझा नवरा, तुझी जीभ. पण नंतर माझ्याकडे येऊन झोप लागत नाही म्हणू नकोस. मला फार लवकर लागते."

उत्तरं एकसारखी यावीत म्हणून मी गेल्या वर्षाची वही काढली. कुठल्या शुक्रवारी काय घडलं ते बघून ठेवावं आणि त्याच्या उलट बोलावं, असा बेत. वाचायला लागले. अमुक शुक्रवारी पावसात भिजत आलो, ह्यांनी त्यांचा रुमाल माझ्या डोक्यावर धरला. तमुक शुक्रवारी सिनेमात हे झोपले आणि त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं, मी हलले नाही. एका शुक्रवारी पुलावर उभे राहून ह्यांनी मला विचारलं, 'तुला काय वाटतं?' कशाबद्दल ते मी लिहिलेलं नाही. विचारलं एवढंच लिहिलं आहे.

आणि आता मला शपथेवर सांगायचं होतं, की या सगळ्या शुक्रवारी हे तिच्याजवळ बसले होते. दोघं डोकी जुळवून आकडे लावत होते आणि मी जेवण गरम करत होते. बारा वर्षं तिनं घेतली, ठीक. पण हे चौदा महिने माझे होते. कसल्या का पैशांचे असेनात, माझे होते. ते तिच्या नावावर लिहून द्यायला माझा हात धजेना. लोक आता मला म्हणतात, तुमची श्रद्धा मोठी, म्हणून खरं बोललात. मी मान डोलावते. देवाला ठाऊक आहे.

सुनावणीची खोली शाळेच्या वर्गाएवढी. लांब टेबलामागे तिघं जण, मधे अध्यक्षबाई, पिकल्या केसांच्या वकील, त्यांना खोकला झालेला. एका कडेला बेकरीवाले काका, हात मांडीखाली दाबून. दुसऱ्या कडेला टाचणीबाई, स्वेटरमध्ये. तिला आधी विचारून झालं होतं. तिनं चिठ्ठ्यांचं सांगितलं तेव्हा ह्यांच्या बाजूचे वकील म्हणाले, "कुठे आहेत त्या चिठ्ठ्या?" ती म्हणाली, पानांना जास्तीची भोकं आहेत, उजेडात धरून बघा. "बाई, टाचणीनं भोकच पडतं," ते म्हणाले, आणि एकदोघं हसले. ती नाही हसली. "वर्षभर मी दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही," ती म्हणाली. "साहेब करतील असं वाटलं. ती माझी चूक, ती माझ्या नावावर लिहा. आकड्यांची लिहू नका."

मग मी. शपथ झाली. वकिलांनी अगदी गोड आवाजात विचारलं, "वहिनी, साहेब शुक्रवारी किती वाजता घरी यायचे?"

"कुठल्या वर्षी?"

"गेल्या वर्षी."

"साडेपाचला. कधी पावणेसहा."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी अध्यक्षबाईंकडे बघत राहिले.

"नीट आठवून सांगा," वकील म्हणाले. "ते उशिरा येतात अशी तुमचीच तक्रार असायची ना?"

"ती त्याआधीची बारा वर्षं. गेल्या वर्षी माझी काही तक्रार नव्हती."

अध्यक्षबाई पुढे झुकल्या. "इतकं नेमकं कसं सांगता?"

"मी रोज वही लिहिते."

"आणली आहे?"

पिशवीत होती. का नेली होती ते विचारू नका, नेली होती. त्यांनी मागितली, मी दिली. त्या मनात वाचतील असं मला वाटलं होतं. पण बाकीच्या दोघांना ऐकू जावं म्हणून त्यांनी खोकत खोकत मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"'शुक्रवार. पाच चाळीसला आले. तिला सोडून आले. देवा, तुझे उपकार.'" पान उलटलं. "'शुक्रवार. साडेपाच. टाचणी आज एकटीच बसली असेल. बसू दे.'" पान उलटलं. "'शुक्रवार. साडेपाच. त्या छत्रीला आता मिटूनच राहा म्हणावं.'"

तिथे त्या थांबल्या. चष्म्यावरून आधी माझ्याकडे, मग टाचणीबाईंकडे पाहिलं. "पुढच्या पानांवर वेळा आहेत ना? तेवढ्या पुरतील," म्हणाल्या आणि बाकीचं मनात वाचलं. माझे कान पेटले होते. टाचणीबाई खाली बघून स्वेटरवरच्या टाचण्या सारख्या करत होत्या.

बाहेर जिन्यात ती माझ्यासाठी थांबली. मला वाटलं, आभार मानेल. मी आधीच म्हटलं, "तुमच्यासाठी केलेलं नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली. "ऐकलं मी." मग पर्स एका हातातून दुसऱ्या हातात घेत म्हणाली, "वहिनी, साहेबांना सांगा, निकालाच्या आत काकांचे पैसे द्या. सगळे, व्याजासकट. आणि आता कबूल करा. कबूल केलं आणि भरपाई झाली तर सनद काही वर्षं थांबते. नाहीतर कायमची जाते."

तेव्हाही ह्यांचं भलं कशात आहे हे तिलाच ठाऊक.

गाडी विकली. म्हातारपणासाठी घेतलेला जमिनीचा तुकडा विकला. काकांना आणि आणखी दोघांना पैसे पोचते झाले. ह्यांनी लेखी कबुली दिली, बाईंवरचा आरोप मागे घेतला. समितीनं पाच वर्षं सनद थांबवली आणि टाचणीबाईंनी आकड्यांत काही केलेलं नाही असं निकालात स्वच्छ लिहिलं. हे माझ्याशी दहा दिवस बोलले नाहीत. अकराव्या दिवशी म्हणाले, "माझी सनद तू घालवलीस."

वन्सं आतून म्हणाल्या, "तिनं कशी घालवली रे? सह्या कुणाच्या होत्या?"

त्यानंतर ह्यांनी तो विषय काढला नाही.

समितीचा आणखी एक हुकूम होता, की प्रत्येक अशिलाचा पुरा हिशेब दोन महिन्यांत सादर करायचा. ह्यांना रजिस्टर उघडवत नव्हतं. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. शेवटी मी तिच्या घरी गेले. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "शनिवारी येते. पैसे नकोत, पण आईजवळ कुणीतरी बसायला लागेल." वन्सं बसल्या.

असे आठ शनिवार ती आमच्या जेवणाच्या टेबलावर बसली. ती आकडे वाचायची, मी खुणा करायचे. पहिल्या शनिवारी माझी खूण दोन ओळी मागे पडायची, ती थांबायची. पाचव्या शनिवारपासून तिला थांबावं लागलं नाही. एकदा मी धीर करून विचारलं, "आम्ही बाहेर जेवलो, ते काकांच्या पैशांतून का?"

"तसं वेगळं काढून सांगता येत नाही," ती म्हणाली. "पाण्यात पाणी मिसळलं, वहिनी. म्हणूनच तर मिसळायचं नसतं."

वहीतल्या मजकुराबद्दल ती एका शब्दानं बोलली नाही. मीही माफी मागितली नाही. आठव्या शनिवारी तीन आकडे एक झाले आणि तिनं शेवटच्या पानाला टाचणी लावली. मी चहा केला. तो पिऊन ती गेली.

समितीचा निकाल दाखवून तिला दातांच्या दवाखान्यात नोकरी लागली, हे मला वन्संकडून कळलं. वन्सं अजून अधूनमधून तिच्या आईकडे जातात. हे एका शाळेच्या वाचनालयात पुस्तकांची यादी करायला जातात. शुक्रवारीही साडेचारला घरी असतात.

गेल्या मंगळवारी मी त्या दवाखान्यात गेले. दाढ दुखत होती. फार नाही, पण दुखत होती. टाचणीबाई काउंटरमागे होत्या, स्वेटर तोच. दातांच्या डॉक्टरीणबाई कामातून बाहेर आल्या, हातात कप, आणि तिच्या काउंटरवर कोपर टेकून म्हणाल्या, "ताई, हे बिल जरा बघा ना, मला काही सुधरत नाही." टाचणीबाईंनी बघितलं, काहीतरी हळू बोलल्या, आणि दोघी हसल्या. मोठ्यानं, तोंडभर. आठ शनिवारांत ती माझ्याजवळ एकदाही अशी हसली नव्हती. ती डॉक्टरीण चाळिशीची असेल, हातात सोन्याचं घड्याळ, आणि कप ठेवला तो सरळ तिच्या रजिस्टरवर. माझ्या जिवाचा नुसता जळफळाट झाला. रजिस्टरवर कप ठेवलेला तिला आवडत नाही, हे या बाईला माहीत तरी आहे का?

"वहिनी, तुम्ही?" तिचं माझ्याकडे लक्ष गेलं. "बसा ना. दोघांनंतर तुम्ही."

मी बसले. दाढ बघून झाली, औषध मिळालं, पावती तिनं टाचणी लावून दिली. मागे लोक उभे होते, त्यामुळे बोलणं झालं नाही.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "कशा आहेत टाचणीबाई?"

"बऱ्या आहेत," मी म्हटलं. "कामात होत्या."

त्यांना आणखी ऐकायचं होतं, चष्मा काढून माझ्याकडे बघत होते. मी आत गेले. बाकीचं त्यांना सांगितलं नाही, माझ्यापुरतं ठेवलं.